सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर हातात कसं धरायचं, खान्देशातल्या लायसन्सवाल्यांसाठी

आपल्याकडे लायसन्सचं रिव्हॉल्वर कोणाकडे असतं तर रावेर-यावल-चोपड्याच्या केळीपट्ट्यातले मोठे शेतकरी, जळगाव-धुळ्याचे व्यापारी, काही रिटायर फौजी. आणि त्या रिव्हॉल्वरचा एकूण प्रवास म्हणजे कपाटातून पोलीस स्टेशन, निवडणूक झाली की पोलीस स्टेशनातून परत कपाट. वर्षानुवर्षं एक गोळी झाडलेली नसते. मग कधीतरी रेंजवर येतात आणि पहिल्याच गोळीला कळतं की हातात धरायचंच माहीत नाही. त्यातही ज्यांच्याकडे आजोबा-वडिलांकडून वारशाने आलेलं जुनं सिंगल अ‍ॅक्शन आहे त्यांचा तर अजूनच गोंधळ, कारण मोबाईलवर बघून शिकलेलं सगळं पिस्तूलचं असतं आणि ते इथे लागू पडत नाही.

सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे काय ते आधी. यात चाप (ट्रिगर) ओढला की फक्त घोडा, म्हणजे मागची हातोडी, पडतो, बाकी काही होत नाही. घोडा मागे ओढायचं काम दर गोळीला अंगठ्याने करावं लागतं, तेव्हाच सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, एक घर पुढे फिरतो. १८७३ सालचं कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे यातलं सगळ्यात गाजलेलं, आणि आजही नवीन बनतात ती जवळपास त्याच ठेवणीची. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ बोअर, जे आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं, ते डबल अ‍ॅक्शन. म्हणजे नुसता चाप ओढला तरी घोडा आपोआप मागे जाऊन पडतो, पण अंगठ्याने घोडा ओढून सिंगलसारखंही चालवता येतं. त्याचं पुढे बोलू, कारण तिथेच लोक घोळ करतात.

तर मुख्य सांगायचं हे की सिंगल अ‍ॅक्शनमधे पकड ही घोडा डोक्यात ठेवून घ्यायची असते. उजव्या हाताने एकदा मूठ धरली की ती शेवटच्या गोळीपर्यंत उघडायची नाही, घोडा डाव्या अंगठ्याने ओढायचा. एवढं जमलं तर ऐंशी टक्के काम झालं. डावखुरे असाल तर सगळं उलटं करून वाचा.

पण हातात घ्यायच्या आधी भरायचं कसं ते बघा, कारण इथे चूक झाली तर ग्रिप बिप सगळं राहिलं बाजूला. जुन्या कोल्टच्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमधे घोडा खाली असला की त्याची पिन सरळ काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे मार बसला की पेटणाऱ्या बुडाच्या भागावर, टेकलेली असते. हातातून फरशीवर पडलं आणि घोड्यावर आपटलं की गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरं असली तरी भरायची पाच, आणि घोडा कायम रिकाम्या घरावर. पद्धत अशी की नळी खाली मोकळ्या जमिनीकडे, रिव्हॉल्वर डाव्या हातात, घोडा अर्ध्यावर घ्यायचा म्हणजे सिलिंडर मोकळा फिरतो, उजव्या बाजूचं छोटं गेट उघडायचं, एक काडतूस घालायचं, एक घर सोडायचं, मग ओळीने चार घालायची, गेट बंद, घोडा पूर्ण मागे आणि सावकाश खाली. बरोबर केलं असेल तर घोडा त्या सोडलेल्या घरावर येतो. आला की नाही ते बाजूने, सिलिंडर आणि मागच्या प्लेटमधल्या फटीतून बघून घ्या, काडतुसांच्या कडा दिसतात. अंदाजावर सोडू नका. रुगर कंपनीने १९७३ पासून आपल्या सिंगल अ‍ॅक्शनमधे ट्रान्सफर बार टाकला, म्हणजे चाप पूर्ण दाबलेला असेल तरच घोड्याचा मार पिनपर्यंत पोचतो. त्यात सहाही भरता येतात आणि गेट उघडलं की सिलिंडर आपोआप मोकळा होतो, अर्धा घोडा लागत नाही. आपलं कोणतं आहे हे नक्की माहीत नसेल तर चांगल्या आर्मररला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा, तोपर्यंत पाचच.

आता पकड. सिंगल अ‍ॅक्शनची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते, आणि ती तशी आहे ते उगाच नाही. गोळी सुटली की नळी वर उचलते आणि मूठ तळहातात थोडी घरंगळते, त्यामुळे झटका मनगटात न जाता वरच्या वर निघून जातो. पिस्तूलवाले शिकवतात की हात जितका वर घेता येईल तितका घ्या. इथे तसं केलं तर अंगठा आणि तर्जनीमधली कातडी घोड्याच्या वाटेत येते आणि घोडा मागे येताना चिमटतो, एकदा चिमटला की पुढच्या गोळीला माणूस आपोआप हात आखडतो. म्हणून ती बेचकी मुठीच्या मागच्या पट्टीवर बरोबर मधोमध बसवायची, घोडा पूर्ण मागे ओढून बघायचा की कातडीला लागतो का, लागत असेल तर किंचित खाली. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आले पाहिजेत. मनगट बाहेर किंवा आत मुरडलेलं असेल तर समजा पकड चुकली, सोडा आणि पहिल्यापासून धरा.

मुठीवर बोटं तीनच येतात, मधलं, अनामिका आणि करंगळी. आणि आपल्या शेतकरी माणसाचा पंजा मोठा, मूठ बारीक, त्यामुळे करंगळीला जागाच उरत नाही. मग ती हवेत लटकत ठेवू नका, मुठीच्या बुडाखाली दुमडून घ्या, बऱ्याच जणांना असंच बरं पडतं आणि बूड खाली सरकत नाही. पकडीचा जोर पुढून मागे, म्हणजे बोटांनी मूठ तळहाताकडे ओढायची. आजूबाजूने चिमटीत धरल्यासारखं आवळायचं नाही, ते काम डाव्या हाताचं. उजवा अंगठा खाली वळवून मधल्या बोटाकडे ठेवा. आणि तर्जनी, जोपर्यंत समोरचं लक्ष्य साइटवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, आलेलं नाही आणि झाडायचं ठरलेलं नाही तोपर्यंत, चापाच्या बाहेर फ्रेमला चिकटून सरळ. हे कोणी कितीही वेळा ऐकलेलं असलं तरी रेंजवर दहातले पाच जण घोडा ओढताना बोट आत घालतातच.

डावा हात. त्याची चार बोटं उजव्या हाताच्या तीन बोटांवर वरून गच्च गुंडाळायची, डावी तर्जनी ट्रिगर गार्डच्या खालून त्याला टेकलेली. काही जण ती गार्डच्या पुढे नेऊन ठेवतात, नका ठेवू, नळी डावीकडे ओढली जाते. दोन्ही हातात मिळून जास्त जोर डाव्याचा, कारण उजव्या हाताला चापाचं नाजूक काम करायचंय, तोच जर गच्च आवळून बसला तर तर्जनी सुटी हलत नाही, सगळा पंजा एकदम आवळला जातो आणि गोळी खाली डावीकडे जाते. डावा अंगठा मात्र मोकळा, उजव्या अंगठ्याच्या वरच्या अंगाला टेकवून घोड्याच्या जवळ तयार.

आणि सिलिंडरच्या पुढे काहीही न्यायचं नाही! सिलिंडर आणि नळीमधे बारीक फट असते, त्यातून प्रत्येक गोळीला गरम वायू आणि शिशाचे कण आडवे बाहेर फेकले जातात. पिस्तूलसारखे दोन्ही अंगठे पुढे काढून ठेवायची सवय लागलेल्यांनी इथे विशेष जपा, डावा अंगठा त्या फटीजवळ गेला तर कातडी फाटेल, ३२ बोअर असलं तरी. एकदा रेंजवर त्या फटीशेजारी कोरा कागद धरून ठेवायला लावा, लाकडी चिमट्यात अडकवून, हाताने नाही. एका गोळीत कागदाची चिंधी होते, परत कोणाला सांगावं लागत नाही.

आता घोडा. डावा अंगठा वर उचलायचा, अंगठ्याच्या टोकाने नाही तर पहिल्या पेराच्या गादीने घोड्याचं शेपूट पकडायचं, एका दमात शेवटापर्यंत मागे, शेवटचा क्लिक ऐकू आला पाहिजे, आणि अंगठा परत जागेवर. अर्धवट ओढून सोडला तर घोडा मधेच अडकतो आणि ऐनवेळी चाप ओढून काही होत नाही. उलट काही जण इतक्या जोरात झटका देतात की सिलिंडर अडवणारी आतली खिट्टी झिजते, तेही नको. घोडा ओढताना साइट लक्ष्याच्या आसपास राहते का ते बघत राहा, राहत नसेल तर डाव्या अंगठ्याचा जोर मागे न जाता खाली जातोय.

शिरपूरकडचे एक नाना आहेत, वय सत्तरच्या आसपास, वडिलांच्या वेळचं सिंगल अ‍ॅक्शन घेऊन रेंजवर येतात. ते पहिल्यापासून उजव्याच अंगठ्याने घोडा ओढायचे, म्हणजे गोळी झाडली की मूठ ढिली करायची, अंगठा वर न्यायचा, घोडा ओढायचा, परत मूठ आवळायची. पाच गोळ्या पाच वेगवेगळ्या पकडींनी. कागदावर भोकं ताटभर पसरलेली. म्हणाले, "भाऊ, हाई काय शे, दर खेपले मूठ सोडनी पडस." म्हटलं नाना, सोडूच नका, डावा अंगठा काय बसून आहे का? त्यांचा डावा अंगठा जाडजूड, नख केळीच्या चिकाने काळं पडलेलं, तो अंगठा घोड्यावर नेला आणि उजव्या हाताच्या बोटांवर मी माझा हात ठेवला, म्हणजे उजवा हात हलला की लगेच कळेल. पहिल्या दोनदा हलला. तिसऱ्यांदा हलला नाही. मग भोकं तळहाताखाली झाकतील एवढ्यात आली, आणि नाना म्हणे इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही.

एका हाताने झाडायची वेळ आली तर, आणि रात्री शेतात येते, कारण दुसऱ्या हातात बॅटरी असते, तेव्हा मात्र उजवाच अंगठा वापरावा लागतो. तिथे ती वळणदार मूठ कामाला येते. गोळी सुटून नळी वर गेली की घोडा अंगठ्याच्या जवळ येतो, त्याच क्षणी अंगठा टाकून ओढायचा आणि नळी खाली आणता आणता मूठ परत जागेवर बसवायची. वेगळी मूठ सोडायची गरज नाही. हे जमायला वेळ लागतो, आणि ज्याला दोन हातांचं जमत नाही त्याने याच्या नादी लागू नये.

सगळ्यात धोक्याचं काम झाडणं नाही, ओढलेला घोडा न झाडता परत खाली उतरवणं. अंधारात कोणी दिसलं, घोडा ओढला, आणि मग कळलं की तो आपलाच सालदार आहे. आता काय? आधी बोट बाहेर, नळी मऊ जमिनीकडे किंवा जाड मातीच्या भिंतीकडे, पायाकडे नाही आणि फरशीकडे तर अजिबात नाही, गोळी उसळते. डाव्या हाताचा अंगठा घोडा आणि फ्रेमच्या मधे घाला, म्हणजे सुटलाच तर अंगठ्यावर पडेल. उजव्या अंगठ्याने घोडा घट्ट धरा, मग चाप दाबा, घोडा सुटल्याचं जाणवलं की सावकाश खाली आणा आणि शेवटी डावा अंगठा काढून घ्या. ट्रान्सफर बार असेल तर घोडा हलल्याबरोबर चापावरचं बोट काढायचं. जुन्या कोल्टच्या पद्धतीचं असेल तर घोडा खाली आला म्हणून काम संपलं असं नाही, आता पिन जिवंत काडतुसावर टेकलेली आहे, लगेच अर्ध्या घोड्यावर घेऊन गेट उघडा, सगळं रिकामं करा आणि एक-सोड-चार असं पहिल्यापासून भरा. हे सगळं आधी रिकाम्या रिव्हॉल्वरवर इतक्या वेळा करा की कंटाळा आला पाहिजे.

याच कारणासाठी कानपूरच्या ३२ वाल्यांना माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्याकडे डबल अ‍ॅक्शन आहे ना, मग खरोखर जीवावर बेतलेल्या वेळी घोडा ओढूच नका. ओढल्यावर चाप फार हलका होतो, हात थरथरत असताना तेवढा हलका चाप म्हणजे न ठरवता सुटलेली गोळी. लांब, जड ओढच बरी, तेवढ्या वेळात माणूस विचार बदलू शकतो. घोडा ओढून झाडायचं ते रेंजवर, कागदावर, नेम सुधारायला. आणि ते मधून मोडणारं आहे, वेब्ले या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्वरच्या धर्तीचं, त्यामुळे बंद केल्यावर वरची कडी पूर्ण बसली का ते हाताने चाचपून घ्या.

साइटचं थोडक्यात. बहुतेक सिंगल अ‍ॅक्शनवर पुढे एक पातं आणि मागे फ्रेममधली खाच, एवढंच. पातं खाचेच्या मधोमध, दोन्हीच्या वरच्या कडा सारख्या, नजर पात्यावर, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. पाय खांद्याएवढे, वजन किंचित पुढे, कोपर ताठ नाही. सराव पाच-सात मीटरवरून सुरू करा, पंचवीस मीटरवर जायची घाई कशाला.

पण समोर काय आहे यापेक्षा त्याच्या मागे काय आहे ते जास्त महत्त्वाचं, आणि आपल्या भागात हे लोक विसरतात. केळीचा खांब बघायला मांडीएवढा जाड, आत सगळं पाणी, गोळी अडवायच्या कामाचा नाही. बागेत दहा फुटांवरचं दिसत नाही आणि पलीकडच्या ओळीत माणसं खतं टाकत असू शकतात. पत्र्याची शेड तर विसराच, आरपार. जुन्या धाब्याच्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत असेल तर गोष्ट वेगळी, पण गल्लीत समोरासमोर दारं असतात.

घरी सराव करायचा तर आधी सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, मग रिव्हॉल्वर उघडून प्रत्येक घरात बोटाने चाचपा, मग डमी काडतुसं घालून नुसतं पकड, अंगठा, चाप. २२ बोअर असेल तर डमीशिवाय रिकामा घोडा पाडू नका, त्यात पिन काडतुसाच्या कडेवर मारते, काडतूसच नसेल तर घराच्या कडेवर आपटून तिथे खोच पडते.

उन्हाळा हा आपला खास प्रश्न. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे, तळहाताला घाम, वरून पॉलिश केलेली गुळगुळीत लाकडी मूठ, घोडा ओढताना अख्खं रिव्हॉल्वर हातात फिरतं. खिशात कोरडा सुती रुमाल ठेवा, पॉलिशऐवजी बारीक खाचा पाडलेल्या चकत्या बसवून घेता येतात. हाताला केळीचा चीक असताना तर धरूच नका, आधी चिकट, वाळला की गुळगुळीत. गाडीच्या डॅशबोर्डमधे किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवणं हे उन्हामुळे पण चूक आणि चोरीमुळे पण. कंबरेला लावायचं तर घोड्यावर पट्टी असलेलं होल्स्टर घ्या, चाप पूर्ण झाकणारं. विजारीत नुसतं खोचणारे हिरो बघितले की मला मागे सरकून उभं राहावंसं वाटतं.

कायद्याचं एवढं डोक्यात ठेवा. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधे आहे, आणि तो गरजेपुरताच असतो. विहिरीवरची केबल किंवा मोटर चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडली तर आत तुम्हीच जाणार, साध्या चोरीसाठी जीव घ्यायचा हक्क कायदा देत नाही. रात्री घर फोडून आत शिरणारा, दरोडा, जीवाची किंवा जबर दुखापतीची भीती, ही वेगळी परिस्थिती. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, नवरदेवाचा मामा असलात तरी. आणि सातपुड्यापलीकडून येणारे गावठी कट्टे कोणी हौसेने दाखवले तर हात लावू नका, कायदा तर आहेच पण ते मागून फुटतात, आणि तेव्हा कोणतीच ग्रिप उपयोगाची नाही.

शेवटी एक छोटी गोष्ट, रेंजवरून परत आलात की मुठीचे स्क्रू बघा. सिंगल अ‍ॅक्शनमधे झटक्याने ते ढिले होतातच, आणि मूठ किंचित हलायला लागली की माणूस आपल्या पकडीला दोष देत बसतो. पेचकस बरोबर रुंदीचाच घ्या, घरातला कुठलाही घातला की खाच खराब होते आणि मग त्या एका स्क्रूसाठी गन हाऊसला चक्कर. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमधे ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं, कोरडं पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून सुती कापडात ठेवा, आणि मुठीवर लागलेलं तेल मात्र पुसून काढा.